सोळा नंबरवर कान ठेवा

(मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात एका निवृत्त रेडिओ ऑफिसरने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला आता थोडेच दिवस राहिलेत. जाळी शिवून होत आली, इंजिनं उघडून झाली, बोटींना रंग लागला. मला बोलायचंय ते तुमच्या केबिनमधल्या त्या छोट्या पेटीबद्दल. वायरलेसबद्दल.

१७ जुलै १९४७. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. एवढा अनर्थ मुंबईच्या दारात घडला आणि मुंबईला संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. खबर आली ती जीव वाचवून कसेबसे किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून. जे वाचले त्यातल्या कितीतरी जणांना कोळ्यांच्या होड्यांनी वर ओढून घेतलं, कारण त्या होड्या तिथे जवळपास होत्या. ज्यांच्यापर्यंत हाक पोचली असती तर आणखी जीव वाचले असते, त्यांच्यापर्यंत ती पोचवायला साधनच नव्हतं.

आज साधन आहे. पण नुसतं साधन असून भागत नाही, हे मी नोकरीत शिकलो. मी जहाजावर लागलो तेव्हा रेडिओरूममध्ये भिंतीवर एक घड्याळ असायचं. त्याच्या तबकडीवर चार पाचरी रंगवलेल्या. दोन लाल: पंधरा ते अठरा मिनिटं आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस. दोन हिरव्या: तासाच्या ठोक्यापासून तीन मिनिटं आणि अर्ध्या तासापासून तीन मिनिटं. मिनिटकाटा लाल पाचरीत शिरला की मोर्सच्या, म्हणजे टिकटिक करून निरोप पाठवायच्या, पाचशे किलोहर्ट्झवर सगळ्यांनी हात थांबवायचा. हिरवीत शिरला की २१८२ किलोहर्ट्झवर बोलणं बंद. कुठल्या कंपनीचं, कुठल्या देशाचं जहाज, हा प्रश्नच नाही. इतका वेळ टिकटिकाटाने भरलेले कान एकदम रिकामे व्हायचे आणि मागे फक्त खरखर उरायची. ती तीन मिनिटं आम्ही काय करत होतो? दूर कुठेतरी बॅटरी संपत आलेला, अगदी क्षीण आवाज येतोय का, ते ऐकत होतो. माझ्या लेखी समुद्रावर माणसाने केलेली याहून मोठी सोय नाही.

ऐकणारा नसेल तर काय होतं, ते टायटॅनिकच्या रात्री जगाने पाहिलं. १४ एप्रिल १९१२. जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाने बर्फामुळे थांबल्याची खबर टायटॅनिकला दिली. टायटॅनिकचा रेडिओवाला जॅक फिलिप्स तेव्हा केप रेसच्या किनाऱ्यावरच्या स्टेशनला प्रवाशांचे निरोप पाठवण्यात गढलेला. त्याने तिला गप्प बसायला सांगितलं. कॅलिफोर्नियनवर रेडिओवाला एकटाच होता. थोड्या वेळाने साडेअकराच्या सुमारास तो सेट बंद करून झोपला. अकरा चाळीसला टायटॅनिक हिमनगावर आदळलं. मग फिलिप्सने पाण्याचा आवाज येईपर्यंत हाका मारल्या. त्या ‘कार्पेथिया’ने ऐकल्या, पण ती पन्नासहून जास्त मैलांवर होती.

यात आणखी एक गोष्ट आहे. टायटॅनिकने कळवलेली जागा चुकीची होती. १९८५ साली सांगाडा सापडला तेव्हा कळलं की तो त्या जागेपासून सुमारे १३ सागरी मैल दूर आहे. कार्पेथियाला वाटेतच होड्यांचे हिरवे दिवे दिसले म्हणून बरं.

आता ते घड्याळ गेलं. १ फेब्रुवारी १९९९ पासून मोठ्या जहाजांवर नवी पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सचा पहारा उठला. आता सत्तर नंबरच्या चॅनेलवर यंत्र ऐकतं. सेटवर झाकणाखाली लाल बटण असतं. झाकण उचलून ते पाच सेकंद दाबून धरलं की तुमच्या सेटचा नऊ आकडी नंबर (आपल्याकडे तो ४१९ने सुरू होतो) आणि जीपीएस जोडलेला असेल तर तुमची जागा, दोन्ही आपोआप जातं. उत्तर येईपर्यंत सेट दर चार मिनिटांच्या आसपास ती हाक पुन्हा मारतो. जीपीएसची वायर सेटला जोडलेली आहे का, एवढं आज घरी जाताना बघाच.

पण माणसाचा कान सोळा नंबरच्या चॅनेलवरच, म्हणजे संकटाची हाक बोलून मारायच्या चॅनेलवरच, लागतो, आणि तिथली शिस्त आपल्या हातात आहे. एका रात्री आम्ही एका बोटीचं ‘मेडे’, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, ऐकत होतो. जागा सांगता सांगता आवाज बुडाला आणि वर गाणी सुरू झाली. कुणाच्या तरी केबिनमध्ये हँडसेट गादीखाली दाबला गेला होता, बटण दाबलेलंच. त्या माणसाचा दोष एवढाच की त्याने हँडसेट खुंटीला लावला नव्हता. बराच वेळ आम्हाला पुढचं काही ऐकू आलं नाही. ती बोट नंतर सापडली, माणसंही सुखरूप होती, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही मोबाईलवरून मालकाला फोन करतो. रेंज असेल तर जरूर करा. तटरक्षक दलाचा १५५४ही लावा. पण फोन एकालाच ऐकू जातो. सोळा नंबरवरची हाक पाच मैलांवरच्या ट्रॉलरलाही जाते, आणि तुमच्यापर्यंत पहिला पोचणार तोच.

बोलायचा क्रम असा. ‘मेडे’ तीनदा. बोटीचं नाव तीनदा. मग लगेच जागा, आकडे एकेक सुटे करून. ‘सत्तर’ म्हणू नका, ‘सात शून्य’ म्हणा. नंतर काय झालंय, काय मदत हवी, माणसं किती. शेवटी ‘ओव्हर’, आणि बटणावरचं बोट उचला. बोट उचललं नाही तर उत्तर ऐकूच येणार नाही; घाबरलेला माणूस नेमकं हेच विसरतो. जागा आधी का? बॅटरी मध्येच गेली तरी शोधायचं कुठे, ते कळलेलं असतं.

आणि तुम्ही ऐकणारे असाल तर आधी किनाऱ्याला उत्तर देऊ द्या. कुणीच बोलेना, तर तुम्ही उत्तर द्या आणि ‘मेडे रिले’ म्हणून तीच हाक पुढे पोचवा. ‘सीलॉन्स मेडे’ ऐकू आलं की सगळ्यांनी गप्प. ते फ्रेंच आहे, अर्थ इतकाच की शांत राहा. मासळीचा भाव नंतर विचारता येईल.

हवेत खोटं ‘मेडे’ कधी सोडायचं नसतं, म्हणून इथे टेबलावर ठेवलेल्या सेटला वीज दिलेली नाही. बोट चालवणारी तांडेल मंडळी नंतर येतील. आधी सगळ्यांत लहान खलाशी येऊ दे, कारण तांडेलच पाण्यात पडला तर हा हँडसेट त्याच्या हातात असणार आहे. ये बाळ, इकडे उभा राहा. बटण दाब. आता बोटीचं नाव, तीनदा.