आतून उभी राहणारी पेशी

(नेकार नदी, जुना पूल, धुकं)

हायडेलबर्ग. इथलं विद्यापीठ 1386 सालचं. आपल्याला मात्र जायचंय या अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकापाशी.

(काळ्या पडद्यावर गोल)

हे साबणाचे फुगे नव्हेत. इथे घडवल्या जाणाऱ्या कृत्रिम पेशीचं हे कवच. चरबीच्या रेणूंचा दुहेरी पडदा आहे, केसाहून बारीक. आत नुसतं पाणी असेल तर ही फक्त पिशवी. तुमच्या-माझ्या पेशीत मेढी रोवलेल्या असतात: अ‍ॅक्टिनचे धागे, ट्युब्युलिनच्या नळ्या. मांडव त्यांच्यावर उभा. माल त्यांच्यावरूनच वाहिला जातो आणि पेशी दुभागताना गुणसूत्रंही त्याच ओढतात.

मग याच मेढी उसन्या आणायच्या? तसंही करतात. पण त्या मेढी प्रथिनांच्या; ती प्रथिनं आतच बनवायची तर रायबोझोम, म्हणजे प्रथिनं जुळवणारं पेशीतलं यंत्र हवं, आणि त्याचा संसार दीडशेहून अधिक जनुकांचा. इथल्या शास्त्रज्ञ केर्स्टिन ग्योपफ्रिश यांच्या गटानं तो संसार थाटलाच नाही.

2022 मध्ये त्यांनी डीएनएच्या पट्ट्या गुंफून नळ्या केल्या. छान होत्या, पण तयार होऊन बाहेरून आलेल्या. पेशी आपला सांगाडा कुणाकडून मागवत नाही.

(हिरवे ठिपके, मग रेषा, चित्रण वेगानं)

हे 2025 मधलं काम. सावकाश बघा. फुग्यात डीएनएचा साचा आहे, डीएनएचा भाऊबंद असलेल्या आरएनएचे सुटे घटक आहेत आणि एकच विकर (एन्झाइम), आरएनए पॉलिमरेझ. ते साच्यावरून सरकतं, मागून आरएनएचा धागा निघतो आणि निघता निघताच त्याच्या घड्या पडतात. होडी करायला आपल्याला आधी अख्खा कागद लागतो. इथे कागद अजून बाहेर येतोय आणि होडी व्हायलाही लागलीय! प्रत्येक घडीच्या टोकाला फास असतात, ते शेजारणीच्या फासात अडकतात. शास्त्रज्ञ त्यांना चक्क ‘किसिंग लूप’ म्हणतात. घडीला घडी लागत जाते आणि नळी उभी राहते, मायक्रोमीटरभर लांब. साच्यातली मोजकी अक्षरं बदलली, तर नळीऐवजी कडी.

असा सांगाडा निसर्गात कुठेच नाही. हा कागदावर आखलेला आहे.

ही पेशी अजून खात नाही, दुभागत नाही. औषधासाठी तिचा उपयोग, तिचे धोके, ही चर्चा पुढची.

(एकच फुगा, जवळून)

आता कडेला बघा. पडद्याला धरणारा तुकडा जोडलेल्या नळ्या तिथे गोळा होतायत. गोल दबतोय.

(निवेदन थांबतं. चित्र चालू.)