नाव हाक मारायला असतं

नमस्कार मंडळी. बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. विषय छापलाय ‘नाव कॉमन असावं की अनकॉमन’, पण मला जे बोलायचंय ते जरा वेगळं आहे. माझं म्हणणं असं की नाव हे हाक मारायला असतं, आपण त्याच्याकडून ओळख पटवायचं काम करून घेतो, आणि म्हणून कॉमन नाववालेही वैतागतात आणि अनकॉमनवालेही. हे मी मुद्देसूद सांगणार आहे. फक्त त्याआधी थोडं गाऱ्हाणं, कारण घरी आता कोणी ऐकत नाही.

माझं नाव तुम्ही कार्यक्रमपत्रिकेवर वाचलंच असेल. याच नावाचे इथे किती जण, हात वर करा बघू. बघा, आले ना चार. आणि तो दाराशी उभा आहे त्याने अर्धाच हात वर केलाय, पाच धरू.

शाळेत आम्ही एका वर्गात तिघं होतो. एक उंच, एक चष्मेवाला, आणि मी ‘तो दुसरा’. पहिला कोण ते शेवटपर्यंत ठरलं नाही. ऑफिसात मी ‘अकाउंट्सवाला’, नंतर डिपार्टमेंट बदललं तरी अकाउंट्सवालाच, आणि लोकांच्या फोनमध्ये मी नुसत्या माझ्या नावाने कुठेच सेव्ह नाहीये, कुठे ‘जुनं ऑफिस’, कुठे ‘बाईक घेतली तो’.

हे सगळं चालतं हो, यात गंमत आहे. खरा ताप ईमेलचा. मी फार लवकर अकाउंट काढलं, त्यामुळे मला नाव-आडनाव असा स्वच्छ पत्ता मिळाला, मागे आकडा नाही, काही नाही. तेव्हा मी सगळ्यांना दाखवत फिरलो होतो. आणि मग हळूहळू जगभरातले माझे नामबंधू, म्हणजे नाव आणि आडनाव दोन्ही तेच, फॉर्म भरताना माझा पत्ता द्यायला लागले. का देतात माहीत नाही, मला वाटतं त्यांचा खरंच समज असतो की आपलं नाव म्हणजे आपलाच पत्ता. मला विमानाची तिकिटं येतात. एका मुलाचे मार्क येतात, गणितात कच्चा आहे तो, मला खरंच टेन्शन येतं निकालाच्या सुमारास. कुठल्यातरी बिल्डिंगच्या मीटिंगची मिनिट्स येतात, तिथे पाण्याच्या टाकीवरून भांडण चालू आहे आणि आता माझं त्यात मतही तयार झालंय, वरच्या मजल्यावाल्यांचं चुकतंय. एका हॉटेलने विचारलं आमच्याकडचा मुक्काम कसा वाटला, किती स्टार द्याल, मी चार दिले, उगाच कोणाचं नुकसान कशाला.

पण ऐका, यातला एक किस्सा ऐकाच. एकदा नोकरीची ऑफर आली, म्हणजे मला नाही, त्याला. पगार चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला होता. पत्रात फोन नंबर नाही, घरचा पत्ता नाही, नुसतं नाव. मी सभ्यपणे कळवलं की तुम्ही ज्यांना शोधताय तो मी नाही. त्यांचं उत्तर आलं, धन्यवाद, तुम्ही ऑफर नाकारल्याची नोंद घेतली आहे. अहो! मी परत लिहिलं की नाकारली नाही, मी तो माणूसच नाही. त्यावर उत्तर, सिस्टिममध्ये उमेदवाराच्या ईमेलवरून नकार आलेला असल्याने आता बदल करता येणार नाही. म्हणजे तो बिचारा कुठेतरी फोनकडे बघत बसला असेल, आणि त्याच्या वतीने मी, त्याला न विचारता, बाणेदारपणे नोकरीला लाथ मारलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच त्यांच्या नावाची पण दुसरी एखादी निघायची.

आता हसलात, पण हेच दवाखान्यात होतं तेव्हा हसू येत नाही. नर्सने नाव पुकारलं, मी उठलो आणि शेजारचा पण उठला, दोघं एकमेकांकडे बघतोय. रक्त माझं काढायचं होतं की त्याचं, हे आम्हीच आपसात ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगून ठेवलंय की पेशंटची ओळख किमान दोन गोष्टींवरून पटवा, म्हणजे नाव आणि जन्मतारीख वगैरे. नुसत्या नावावर विसंबू नका. आणि हे फक्त तुमच्याआमच्यासारख्यांचं होतं असं नाही, २००४ मध्ये अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे सख्खे भाऊ, देशभर ओळखला जाणारा चेहरा, त्यांना विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं, कारण संशयितांच्या यादीत तशा नावाचं कोणीतरी होतं. चेहरा समोर आहे, पण कागदावर नाव आहे ना, मग कागद खरा.

(चिठ्ठी आली का? दहा मिनिटं? बरं बरं.)

एक शास्त्रीय गोष्ट सांगतो. नेव्हिल मोरे नावाच्या संशोधकाने १९५९ मध्ये प्रयोग केला, दोन कानांत दोन वेगळी बोलणी लावायची, लक्ष एकीकडेच द्यायला सांगायचं, आणि दुसऱ्या कानात मधेच त्या माणसाचं नाव घालायचं. दुसऱ्या कानातलं बाकी काही कळत नाही पण नाव मात्र साधारण तिघांत एकाला ऐकू येतं. माझं म्हणाल तर माझा तो कान बाद झालाय. गर्दीत माझ्या नावाने हाक आली तर मी मुळीच वळत नाही, दुसऱ्याला असणार. बायकोने यावरून बरंच ऐकवलंय.

आता अनकॉमनवाले, नाहीतर म्हणाल आमचं काहीच नाही. माझी एक मैत्रीण आहे, नाव इतकं दुर्मीळ की सांगितलं तर तुम्ही आत्ता इथे बसून तिला शोधून काढाल, म्हणून सांगत नाही. फोनवर प्रत्येक वेळी अक्षर अक्षर सांगावं लागतं, मग अर्थ, मग नाव कोणी ठेवलं, मग वा वा. टॅक्सी किंवा टेबल बुक करताना ती सरळ सोपं खोटं नाव देते. आणि कॉलेजात असताना चिडून कुठेतरी काहीबाही लिहिलेलं, ते आजही तिचं नाव टाकलं की पहिलं येतं. माझं नाव टाका, हजारो निघतील, त्यात एक कुस्तीगीर आहे, एक फरारी आहे. मी सापडतच नाही. हे सुख आहे हो, आणि फुकट आहे.

बरं, दुर्मीळ म्हणून ठेवलेलं नाव दुर्मीळ राहतं का, तर त्याचीही खात्री नाही. अमेरिकेत १८८० पासून नावांची आकडेवारी आहे, मुलींमध्ये मेरी १९४६ पर्यंत सलग पहिली, मग १९४७ ला लिंडा, आणि १९७० ते १९८४ सलग पंधरा वर्षं जेनिफर. आता त्यातल्या कितीतरी आईबापांना वाटलं असणार की आपण काहीतरी ताजं, वेगळं शोधलंय! युरोपात तसंच केविनचं झालं, १९९१ च्या सुमाराला फ्रान्स, जर्मनी सगळीकडे केविनच केविन, आणि पुढे २००९ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या पाहणीत शिक्षकांना नुसत्या नावांवरून मत विचारलं तर एकाने लिहिलं, केविन हे नाव नाही, रोगाचं निदान आहे. पोरगं अजून वर्गात शिरलंही नाही, आणि...

पाच मिनिटं? दोन? अहो मुख्य मुद्दा राहिलाय. पटकन सांगतो.

एक, जिथे ओळख पटवायची तिथे नावासोबत दुसरं काहीतरी घ्याच, जन्मतारीख, नंबर, काहीही, आणि ईमेल पत्ता दिला की त्यावर कोड पाठवून तो त्याच माणसाचा आहे का ते आधी तपासा, मगच ऑफर पाठवा. काही सेकंदांचं काम आहे.

दोन, सरकारने याद्या करून हे सुटत नाही. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने कुठली नावं चालतील ते ठरलेलं होतं, शेवटी १९९३ मध्ये ते मोकळं केलं. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावं पास करणारी समितीच आहे. पण यादी आखूड केली की एकेका नावाची माणसं वाढणार, म्हणजे माझ्यासारखेच वाढणार.

तीन, अनकॉमनवाल्यांना लपायची सोय हवी. स्पेनमधल्या एका गृहस्थांच्या केसमध्ये २०१४ ला युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की माणसाचं नाव टाकून शोधल्यावर जुने, गैरलागू दुवे येत असतील तर ते काढायला सर्च इंजिनला सांगता येतं, मूळ पान जागेवर राहिलं तरी. माझ्या मैत्रिणीला हे लगेच उपयोगी पडेल. माझ्या नावाने असा अर्ज आला तर मात्र कोणते दुवे कोणाचे हे आधी लावत बसावं लागेल, त्या फरारी इसमाचे चुकून माझ्या खात्यात... हो हो, थांबतो, पुढचे वक्ते उभे राहिलेत.