चंद्री म्हैस आणि कौलांच्या मातीचा खड्डा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं असाल तिथं जरा सावलीला बसा, ऊन लई झालंय. आपल्याला उकडलं की घाम येतो, घाम वाळला की अंग गार होतं, माठातलं पाणी पिणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पण जनावरं काय करतात?

कुत्रं जीभ काढून धापा टाकतं, तोंडातली ओल वाळते आणि आतलं रक्त गार होतं. कोंबडी चोच उघडून गळा थरथरवते. साप-सरड्यांच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नाही, म्हणून ते सकाळी उन्हात आणि दुपारी बिळात. आणि मधमाशा, त्या तर पोळ्यात पिल्लांजवळ साधारण ३४-३५ अंश राखतात, उकडलं की पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात, मला तर हे ऐकून हात जोडावेसे वाटतात!

पण आज मला सांगायचंय म्हशीचं. म्हशीला घाम फार कमी येतो. परत सांगते, फार कमी. गाईच्या मानानं घामाच्या ग्रंथी साधारण सहावा हिस्सा, त्यात कातडी काळी, केस विरळ, म्हणजे ऊन सगळं अंगावर.

मी सातवीत होते, मे महिन्यात खानापूर तालुक्यात आजोळी गेलेले. माकडं कौलं फोडतात म्हणून मामानं त्या वर्षी गोठ्यावर पत्रे घातलेले. (खानापूरची कौलं जगात भारी होती हो, आपल्याच मातीची, आणि आपणच ती उतरवून पत्र्याखाली भाजत बसलोय, हे मला आजपण पटत नाही.) तर चंद्री म्हैस रोजचं सहा लिटर द्यायची ती चारावर आली. मामानं डॉक्टर आणला, पेंड वाढवली, काय फरक नाही. आज्जी रोज म्हणायची, "अरे तिला पाण्यात सोड." मामा म्हणायचा, "सकाळी पाईपनं धुतोय की गं!"

एक दिवस भर दुपारी चंद्रीनं दावं तोडलं आणि गायब. आम्ही पोरं उन्हातनं शेतं, ओढा, देवळामागचं रान सगळं पालथं घातलं, मामाचा चेहरा तर उतरून गेलेला, कारण म्हैस कर्जानं घेतलेली. शेवटी पलीकडच्या कन्नड अक्का हात करून म्हणाल्या, "एम्मी आ कडी होतु," म्हणजे म्हैस तिकडं गेली. तिकडं बंद पडलेली कौलांची भट्टी होती. तिथं माती काढलेल्या खड्ड्यात वळवाचं पाणी साठलेलं, आणि त्या चिखलात चंद्री! वर फक्त शिंगं आणि नाकपुड्या, डोळे मिटलेले.

मामा काठी घेऊन उतरायला लागला तर आज्जीनं त्याचा हात धरला आणि काठावरच बसली. "बसू दे. गार झाली की येईल." आम्ही सगळे तिथंच बसलो, दोन तास. दिवस कलल्यावर चंद्री आपल्या पायानं उठली, अंगभर चिखल, आणि सरळ घरच्या वाटेला लागली.

त्या चिखलाचंच महत्त्व आहे मंडळी. नुसतं पाणी पाठीवरनं पटकन वाळून जातं, चिखल ओल धरून ठेवतो, हळूहळू वाळतो, म्हणजे गारवा जास्त वेळ टिकतो, वर गोमाशा पण चावत नाहीत. चिखल म्हणजे घाण नाही, म्हशीचा घामच समजा तो.

दुसऱ्या दिवसापासनं मामा स्वतः तिला खड्ड्यावर न्यायला लागला, पत्र्यावर भाताचं पिंजर पसरलं, आणि आठवड्यात दूध पाचाच्या वर गेलं. आता गावोगावी असले खड्डे नि तळी बुजवून प्लॉट पाडतायत, मला लई वाईट वाटतं, म्हशींनी जायचं कुठं?

तुमच्याकडं पत्र्याचा गोठा असेल तर पिंजर नाहीतर उसाचा पाला उद्याच वर चढवा. डबकं नसेल तर दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारा, ओलं गोणपाट टाका. सकाळी नाही, दुपारी. परत सांगते, दुपारी. आणि पाणी मारायच्या आधी तिच्या पाठीवर एकदा हात ठेवून बघा.