ऑपरेशननंतरची झोप उठण्यापासून सुरू होते

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्त्रीरोग शस्त्रक्रियेनंतर सुखाची झोप’. कोणत्या कुशीवर झोपायचं, उशी कुठे घ्यायची, हे सगळं मी सांगणार आहे. पण सुरुवात उठण्यापासून करणार आहे आणि तिथे जरा रेंगाळणारही आहे, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोणाची गर्भपिशवी काढलेली, कोणाच्या गाठी काढलेल्या, कोणाचं अंग बाहेर येत होतं म्हणून टाके घातलेले, अशा बायकांबरोबर काम करता करता माझी एक खात्री झाली आहे. ऑपरेशननंतरची झोप दुखण्यामुळे जाते तशी उठण्याच्या धास्तीमुळेही जाते, आणि या धास्तीवर कोणी औषध देत नाही.

जरा हात वर करा बरं, पोटाचं ऑपरेशन कोणाकोणाचं झालंय? अर्धी खोली. आता, पलंगावरून कसं उठायचं हे ज्यांना ऑपरेशनच्या आधी कोणी शिकवलं होतं, त्यांनीच हात वर ठेवा. दोन हात. मागे तिसरा दिसतोय, पण त्या ताई स्वतः नर्स आहेत, त्यांचा धरायचा नाही! (हशा)

ही माझी जुनी तक्रार आहे. घरी सोडताना हातात कागद मिळतो. गोळ्या कोणत्या, किती वेळा, टाके कधी दाखवायचे, सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं. आणि खाली एक ओळ, ‘आराम करावा’. कसा करावा?

एक बाई आठवतात. पोट उघडून पिशवी काढलेली. मुलगा म्हणाला, आईला झोपेची गोळी लिहून द्यायला सांगा, ती रात्रभर जागी असते. मी खोलीत गेले तर बाई उताण्या, पाय ताठ, दोन्ही हात पलंगाच्या कडांना घट्ट धरलेले. मी विचारलं, फार दुखतंय का? म्हणाल्या, पडून राहिलं की फारसं नाही. मग झोप का येत नाही? बऱ्याच वेळाने बोलल्या, “लघवीला जावं लागेल ना.” संध्याकाळपासून त्यांनी पाणीच बंद केलं होतं. पहिल्या रात्री मुलाने आणि सुनेने एकेक हात धरून ‘चला, एक, दोन, तीन’ म्हणत त्यांना सरळ ओढून बसवलं होतं. मुलगा प्रेमाने करत होता, सून प्रेमाने करत होती, पण त्या एका ओढीत जी कळ गेली, तिची वाट बघत बाई पुढच्या रात्री जागून काढत होत्या. कूस बदलायची नाही, कारण कूस बदलली तर कळ येईल. खोकला आला तर गिळायचा. अशा अंगाला झोप कशी लागणार? हात-पाय आखडलेले, श्वास वरच्यावर. त्यात पाणी कमी प्यायल्यामुळे बद्धकोष्ठ, आणि ऑपरेशननंतर जोरकस वेदनाशामक दिलेली असली तर त्यांनीही पोट बांधून येतं. म्हणजे सकाळी कुंथणं आलं, आणि टाक्यांवर पुन्हा ताण.

आता त्या ओढीत होतं काय, ते सांगते. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा ओटीपोटावर आडवा छेद असतो. फानेनश्टील नावाच्या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने तो १९०० साली मांडला, आजही तोच सर्रास वापरतात. त्यात पोटाचे उभे स्नायू कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. पण त्यांच्यावरचं मजबूत आवरण कापून परत शिवलेलं असतं. उताण्या माणसाला सरळ उठवून बसवलं की नेमके हेच उभे स्नायू आवळतात, आणि सगळा ताण त्या शिवणीवर येतो. हात कोणी ओढले म्हणून पोट ढिलं सोडता येत नाही, उलट घाबरून ते जास्तच आवळतं. ज्यांचं ऑपरेशन खालून, म्हणजे योनिमार्गातून झालं, त्यांना वाटतं, आपल्या पोटावर टाके नाहीत, आपल्याला काय! तुमचे टाके आत आहेत. पोटात दाब वाढला की तो खाली तिथेच जातो.

म्हणून कुशीवरून उठायचं. त्या बाईंना मी असं शिकवलं. एकेक गुडघा दुमडून तळवे गादीवर टेकवा. आता खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी कुशीवर वळवा, मध्ये पिळा पडू द्यायचा नाही. पलंगाच्या कडेशी या. पाय खाली सोडा आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरचा हात गादीत रेटून अंग वर आणा. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. कडेवर जरा वेळ बसा, चक्कर येत नाही ना बघा, मग उभ्या राहा. झोपताना हेच उलट, आधी बसायचं, मग कोपरावर कलायचं, मग पाय वर. पहिल्यांदा उठल्यावर बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, “परत करू?” परत केलं. तिसऱ्यांदा मुलाला दाखवायला केलं. मग पेलाभर पाणी प्यायल्या, कुशीवर वळल्या आणि भर दुपारी झोपल्या. मुलगा गोळीची चिठ्ठी हातात घेऊन उभाच!

इथे जे दादा बसलेत त्यांना सांगते, तुमचं काम ओढायचं नाही. तुम्ही खांद्यामागे हात द्या, पाय उतरवायला मदत करा, आणि तिच्या वेगाने घ्या.

आता सगळ्यांनी पर्स, पिशवी, जे असेल ते पोटाशी धरा. दोन्ही हातांनी हलकं दाबा आणि खोका. मोठ्याने! बघा, पोटाला बाहेरून आधार मिळतो. उशी अशी कायम हाताशी ठेवायची, खोकताना, शिंकताना आणि हसतानाही. पहिले काही दिवस विनोदी माणसांनी भेटायला येऊ नये, हा माझा वैद्यकीय सल्ला आहे. (हशा)

पूर्वी ऑपरेशननंतर बाईला आठवडेच्या आठवडे पडून ठेवत. शिकागोच्या एमिल रीस या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १८९९ मध्येच लिहिलं होतं की पोटाच्या ऑपरेशननंतर लवकर उठवावं. ते सर्वमान्य व्हायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. आज आपण लवकर उठवतो, पण कसं उठायचं ते आधी शिकवत नाही. ऑपरेशनच्या आधी, पोट दुखत नसताना पाच मिनिटं सराव केला तर पहिल्या रात्री अंगाला ते माहीत असतं. भुलीच्या गुंगीत आणि कळ लागलेली असताना नवीन काही शिकणं किती अवघड, विचार करा.

समोरून चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बरं, आता झोप. भराभर सांगते.

उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्या, पोटावरची ओढ सैल पडते. मात्र दिवसभर पाय तसेच दुमडून ठेवू नका. ऑपरेशननंतर काही आठवडे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून जाग असताना पावलं वरखाली हलवा आणि घरातल्या घरात चाला. कुशीवर झोपत असाल तर एक उशी गुडघ्यांमध्ये आणि एक लहान उशी पोटाला टेकून, म्हणजे पोट खाली लोंबत नाही. डावी की उजवी, जी सोसते ती. पालथं मात्र झोपायचं नाही, पोटाला दाब सहन होईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर खांदा दुखतो आणि बायका घाबरतात. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो थोडा उरतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या स्नायूच्या पडद्याला डिवचतो. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांकडे जाते, म्हणून दुखणं खांद्यात कळतं. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ओसरतं. बसल्यावर वाढतं, सपाट पडल्यावर बरं वाटतं, थोडं चालल्यानेही फरक पडतो.

वेदनाशामक गोळी कळ शिगेला पोचल्यावर घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेल्या वेळा पाळा आणि त्यातली एक निजण्याच्या सुमारास येईल असं त्यांनाच विचारून बसवा. जोरकस वेदनाशामकाबरोबर झोपेची गोळी आपल्या मनाने कधीच नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. पहिल्या रात्रींत स्वप्नांची झोप दबलेली असते, मग ती उसळून येते आणि विचित्र, भडक स्वप्नं पडतात. काही बिघडलेलं नसतं. अंडाशयही काढले असतील आणि पाळी तोपर्यंत चालू असेल, तर एकदम रजोनिवृत्ती येते. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने कपडे भिजतात. हे सोसत बसू नका, त्यावर उपचार आहेत.

आणि एकाच पोटरीत दुखून सूज आली, दम लागला, छातीत दुखलं, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तासाला पॅड भिजायला लागलं, लघवी होईना किंवा टाक्यांतून पू आला, तर रात्रीचे किती वाजलेत हे बघायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

वेळ संपली. मागे भिंतीशी मी दोन पलंग लावून ठेवलेत. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी आधी या, सोबत जे घरचं माणूस आलंय त्यालाही घेऊन या, आणि आत्ताच प्रत्येकीने कुशीवरून उठून दाखवायचं आहे. प्रश्न तिथेच विचारा.