कैगाच्या भट्टीतलं इंधन संपतं कुठं?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या खानापूर तालुक्याची हद्द संपली की जोयडा, आणि त्याच्या पलीकडं काळी नदीच्या काठी कैगाचं अणुवीज केंद्र. २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या. त्यातली पहिली २०१८च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालली, तो त्यावेळचा जागतिक विक्रम होता. पण लोंढा-रामनगरकडं हा विषय निघाला की विक्रमाचं कौतुक बाजूला राहतं. लोक विचारतात, आत घातलेल्या इंधनाचं होतं काय?

ते जळून राख होत नाही. तिथं इंधनाचं बंडल असतं, जेमतेम अर्धा मीटर लांब. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या १९ बारीक नळ्या एकत्र जोडलेल्या, नळ्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या. वजन पंधरा-सोळा किलो. भट्टी चालू असतानाच एका बाजूचं यंत्र नवी बंडलं ढकलतं, दुसऱ्या बाजूचं यंत्र जुनी काढून घेतं. म्हणून तर ९६२ दिवस थांबावं लागलं नाही. जुनं बंडल दिसायला नव्यासारखंच. पण नव्याला हातमोजे घालून हात लावता येतो, जुन्यातून घातक किरणं निघतात, त्याच्या जवळही जाता येत नाही.

आणि ते तापलेलं असतं. भट्टी बंद केली तरी त्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते, मग हळूहळू उतरते. २०११ साली जपानात फुकुशिमाला घात झाला तो इथंच. भूकंपानं बाहेरची वीज गेली, त्सुनामीनं डिझेल जनरेटर बुडवले, इंधन थंड ठेवणारे पाण्याचे पंप थांबले. अतितप्त झिर्कोनियमची वाफेशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटला आणि त्याचे स्फोट झाले.

त्यानंतर संशोधकांनी नळीकडं नव्यानं बघितलं. नळीवर क्रोमियमचा पातळ थर दिला तर वाफेशी होणारी प्रक्रिया मंदावते. अमेरिकेत अशा नळ्या चालू भट्ट्यांत घालून तपासल्या जात आहेत. दुसरा प्रकार ट्रायसो. इंधनाचा एक मिलिमीटरहूनही लहान कण, त्याच्यावर कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर. १६०० अंशांपर्यंत हे कवच किरणोत्सर्गी द्रव्य धरून ठेवतं. मात्र त्याला वेगळ्या धाटणीची भट्टी लागते, कैगात नेऊन घातलं असं होत नाही.

साठवणीतही रोख तोच, पंपावर भिस्त नको. बाहेर आलेली बंडलं आधी खोल पाण्याच्या टाकीत काही वर्षं ठेवतात. पाणी गरमी घेतं, किरणंही अडवतं. पण ते पाणी सतत थंड करावं लागतं. बंडलं पुरेशी निवली की पोलाद-काँक्रीटच्या जाड पिंपांत कोरडी ठेवता येतात. तिथं विजेचं कामच नाही, उष्णता आपोआप बाहेरच्या हवेत जाते. राजस्थानात रावतभाट्याला अशी कोरडी साठवण आहे. मला विचाराल तर या सगळ्यात खरी अक्कल या पिंपाची.

आपल्याकडं उसाचं चिपाड कारखाना फेकत नाही, बॉयलरला घालतो. भारताचं वापरलेल्या इंधनाबाबत धोरण तसंच आहे. त्यातलं युरेनियम आणि नव्यानं तयार झालेलं प्लुटोनियम पुन्हा वापरायला तारापूर, कल्पक्कमला वेगळं काढतात. उरलेला जहाल भाग काचेत वितळवून बंदिस्त करतात. ती काच शेवटी जमिनीत खोल पुरायची, पण तशी कायमची जागा आपल्याकडं अजून नाही. फिनलंडनं मात्र वापरलेलं इंधनच पुरण्यासाठी चारशे मीटरहून खोल खडकात बोगदे खोदलेत.

कैगाला ७०० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्यांना केंद्रानं २०१७ साली मंजुरी दिली. म्हणजे बंडलं वाढणार. तेव्हा कुठल्या सभेत अधिकारी समोर आले, तर नोकऱ्या किती एवढंच विचारू नका. टाकी किती वर्षांत भरेल, आणि भरल्यावर बंडलं कुठल्या रस्त्यानं, कुठं जातील, हेही विचारा. उत्तर मराठीत आणि कन्नडात, दोन्हींत मागा.

नमस्कार.