इंजिनाचा श्वास

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण आजच्या विषयाला कानच पुरेत.

छक्, छक्, छक्, छक्. हे चार ठोके झाले, की वाफेच्या इंजिनाचं मोठं चाक एकदा फिरलं असं समजा. साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात आणि वाफ दट्ट्याला पुढूनही ढकलते, मागूनही ढकलते. म्हणून चार. रेल्वेचं वेड असलेली माणसं चाकाचा घेर माहीत करून घेतात, घड्याळ लावून ठोके मोजतात आणि गाडीचा वेग सांगतात. घरच्यांना हा रिकामटेकडेपणा वाटतो, ते सोडा.

मला हे वेड लागलं मूर्तिजापुरात. तिथून आपली शकुंतला निघायची, एकीकडे यवतमाळपर्यंत 113 किलोमीटर, दुसरीकडे दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरपर्यंत 76. वऱ्हाडच्या कापसासाठी टाकलेली अडीच फुटी लाईन. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरात घडलं होतं आणि ते इथं 15 एप्रिल 1994 पर्यंत राबलं. मग डिझेल आलं. आता तर गाडीच नाही.

मामाच्या गावाला, कारंजाला जाताना चढ लागला की ठोके सुटे सुटे पडायचे, जड व्हायचे. आजी म्हणायची, "दमली रे बापा गाडी!" मलाही तसंच वाटायचं. खरी गोष्ट मात्र उलटी आहे, आणि ती कळली तेव्हा मी थक्क झालो. सिलिंडरमधली वापरलेली वाफ नुसती सोडून देत नाहीत, ती धुराड्यातून वर उडवतात. तिच्या झोतासोबत धूर ओढला जातो आणि त्याच्या जागी भट्टीत ताजी हवा शिरते. म्हणजे प्रत्येक ठोका हा लोहाराच्या भात्याचा एक दाब. ओझं वाढलं की झोत जोरकस होतो आणि आग आपोआप भडकते. आजीला वाटायचं इंजिन धापा टाकतंय, आणि ते तर स्वतःचीच भट्टी फुंकत होतं! अर्थात आतला फायरमन फावडं मारून खरोखर दमत असे.

विजेच्या इंजिनाला ना भट्टी, ना पाणी भरायची खोळंबणी. वर 25,000 व्होल्टची तार, तिला टेकलेला पँटोग्राफ म्हणजे छतावरचा वीज घेणारा सांगाडा, पोटात ट्रान्सफॉर्मर, खाली मोटारी. नव्या इंजिनांचं तर असं, की ब्रेक लावताना त्याच मोटारी वीज तयार करून तारेत परत धाडतात. वाफेवाल्याला हे स्वप्नातही जमलं नसतं. पण कोळसा सुटला म्हणाल, तर मूर्तिजापूरच्या फलाटावर उभे राहा. पारसच्या वीजकेंद्राकडे निघालेल्या कोळशाच्या वाघिणी विजेचंच इंजिन ओढून नेतं.

या इंजिनांना मी बरीच वर्षं मुकी समजत होतो. परवा नातवासोबत फलाटावर गेलो. बाजूच्या लाईनवर लांबलचक मालगाडी थांबलेली. इंजिन पार पुढे, झाडाआड, दिसतच नव्हतं. सिग्नल मिळाला आणि पोरगा म्हणाला, "आबा, डब्ल्यूएजी-नाईन आहे." म्हणजे मालगाडीच्या विजेच्या इंजिनाची एक जात.

"न पाहताच? कशावरून रे?"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. पुढून एक सूर आला, पेटीवर कुणी पट्टी चढवत न्यावी तसा, आणि वाघिणींना एकामागून एक हिसका बसत गेला.