‘करलं’ कुठून आलं?

(यंत्रमागाची खडखड. खोलीतून ओट्याकडे.)

सोलापूरचा पूर्व भाग. आत मागावर चादर उतरतेय. बाहेर ओट्यावर आजी विड्या वळतेय. ओलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बोटांकडे बघावंही लागत नाही. शेजारी तिची पाच वर्षांची नात पाटी घेऊन बसलीय. आतून आई विचारते, “अभ्यास झाला का गं?”

“कधीच करलं की!”

‘करलं’ ऐकलं की आपण हसतो आणि लगेच दुरुस्त करतो. पण हा शब्द तिला शिकवला कुणी? या घरात कुणीच तसं म्हणत नाही. तो तिनं स्वतः बनवला. बस-बसलं, पड-पडलं, उठ-उठलं, मग कर-करलं. दोन-अडीच वर्षांची असताना ती बरोबर ‘केलं’ म्हणायची, असं आई सांगते. तेव्हा ते नुसतं पाठ होतं. मधल्या काळात तिला नियम सापडला. म्हणजे ही चूक प्रगतीची आहे, आणि हे प्रत्येक आईबापाला कळायला हवं.

(चित्राचं कार्ड, जवळून.)

हे चित्र बघा. माणूस डोक्यावर वाटी ठेवून उड्या मारतोय. तिला सांगितलं, हा माणूस गिबतोय. असा शब्दच नाही, आम्ही तयार केला. काल पण त्यानं हेच केलं. काल तो काय?

“गिबला!”

क्षणाचाही विचार नाही. कधी न ऐकलेल्या क्रियापदाचा भूतकाळ.

ही युक्ती जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेची, 1958 सालची. चार ते सात वर्षांच्या मुलांना तिनं अशीच चित्रं आणि बनावट इंग्रजी शब्द दिले. मुलं नियमानं रूपं बनवत गेली. मोठ्यांना मात्र ‘सिंग-सँग’सारखं ‘ग्लिंग’ या बनावट शब्दाचं ‘ग्लँग’ करायचा मोह झाला. मुलांना तो जवळजवळ झालाच नाही.

मग डोक्यात असतं काय, नियम की आठवणी? 1986 मध्ये रूमेलहार्ट आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी संगणकाला एकही नियम न सांगता 420 इंग्रजी क्रियापदं शिकवली. नुसत्या ध्वनींच्या जोड्या जुळवत तो भूतकाळ बनवू लागला, मुलांसारखा चुकलाही. दोन वर्षांनी पिंकर आणि प्रिन्स या भाषेच्या अभ्यासकांनी त्यातल्या फटी दाखवल्या. आधी दहाच क्रियापदं देऊन मग एकदम शेकडो ओतली, म्हणून तो मुलांसारखा चुकला, हा त्यांचा मोठा आक्षेप. त्यांच्या मते पाठ असलेलं रूप आधी आठवतं आणि नियमाला अडवतं. आठवायला उशीर झाला की नियम पुढे घुसतो. ‘केलं’ वेळेवर आलं नाही, ‘करलं’ आलं. हा वाद अजून चालू आहे.

आपल्या मराठीत तर एकच नियम नाही. लाग-लागलं, पण माग-मागितलं आणि सांग-सांगितलं. घे-घेतलं, धू-धुतलं. कर, जा, मर यांची केलं, गेलं, मेलं. म्हणजे गटागटानं लक्षात ठेवायचं, आणि तेही मूल शाळेत जायच्या आधी. या वादात मराठी मुलांना विचारायला हवं, ते इंग्रजी मुलांएवढं कुणी विचारलेलं नाही, याची खंत वाटते.

नियम की आठवणी, या वादात मेंदूचे आजारही येतात, कारण त्यांत पाठ रूपं आणि नियमाची रूपं वेगवेगळी बिघडतात. इंग्रजी बोलणाऱ्या अल्झायमरच्या रुग्णांना पाठ रूपं जास्त अडली, पार्किन्सनच्या रुग्णांना नियमाची.

(कन्ना चौक. रिक्षा, चहाची टपरी, चार भाषांतले आवाज.)

आणि आता सोलापूरची खासियत. “मी चहा घेतलो.” “मी काम केलो.” पुण्याचा माणूस म्हणेल, चुकलं. प्रमाण मराठीत इथे क्रियापद कर्माकडे बघतं: मी चादर आणली, मी टॉवेल आणला. ‘मी केलं’ला कन्नडमध्ये ‘नानु माडिदे’, तेलुगूत ‘नेनु चेसानु’, तिथे कर्म काहीही असो, क्रियापद ‘मी’शीच जुळतं. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहून सोलापूरच्या मराठीनं तोच नियम घेतला आणि तो काटेकोर पाळला. याला अशुद्ध म्हणणं अन्याय आहे. शाळेत मात्र त्यावर अजून लाल रेघ पडते.

(टपरीवर दहावीतला मुलगा, हातात फोन.)

आजीचा हा मोठा नातू. मित्राला फोनवर सांगतो, “मी चादर आणलो बघ.” पाठोपाठ सरांचा फोन येतो. “हो सर, मी चादर आणली.” मध्ये एक श्वास. दोन्ही रूपं तयारच होती.